फोंड्यातली ‘निगेटिव्ह विचार बदला’ कार्यशाळा : साडेतीन स्टार

आधीच सांगतो, पैसे वसूल झाले पण सगळंच आवडलं असं नाही. फोंड्यात रविवारी सकाळी ही कार्यशाळा असते, चार रविवार, फी बाराशे. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण खाली थोडी तक्रार पण आहे आणि फोंडा ते केवढं, सगळे सगळ्यांना ओळखतात.

शिकवणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बोलणं एकदम साधं. थिअरी थोडक्यात उरकली. १९६०च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक नावाच्या डॉक्टरांना डिप्रेशनच्या पेशंटशी बोलताना लक्षात आलं की यांच्या डोक्यात विचार आपोआप येतात आणि तपासल्याशिवाय खरे धरले जातात, ते तपासायला शिकवलं की मूडपण हलतो, त्यातूनच पुढे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून मूड सुधारायची उपचारपद्धत, उभी राहिली. बस, एवढंच, मग लगेच कागद हातात.

आणि खरा माल त्या कागदातच आहे. उभे रकाने: काय घडलं, डोक्यात काय आलं, कसं वाटलं आणि किती टक्के, विचाराच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी आपल्याला पटेल असा दुसरा विचार. आमच्यात एक काका होते, गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी काम करणारे (त्यांना विचारूनच लिहितोय). यंदा दुसऱ्या अंकात त्यांचं वाक्य गेलं, प्रॉम्प्टरने आतून दिलं, नाटक पुढे गेलं, संपलं. पण काकांच्या रकान्यात काय, तर ‘गांव हांसतलो, म्हाका परत कोण घेवचो ना’ (गाव हसणार, मला परत कोणी घेणार नाही), लाज ९० टक्के. मॅडमनी विचारलं पुरावा काय, तर म्हणे पुढच्या रांगेतले दोघं हसले. बरं, विरुद्ध काय? काका जरा वेळ गप्प, मग म्हणाले दिग्दर्शकाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता, पुढच्या वर्षीच्या नाटकात कुठली भूमिका करणार म्हणून! अख्खा हॉल हसला, काका पण. नवीन विचार त्यांनी लिहिला, ‘एक वाक्य गेलं, बाकी प्रवेश ठीक झाला’. लाज ४० वर आली. शून्यावर नाही, आणि मॅडमनी शून्य करायचा आग्रहही धरला नाही, हे मला जाम आवडलं.

आता तक्रार. तिसऱ्या रविवारी कुठून तरी एक पाहुणे ट्रेनर आणले, कोट-बिट घालून, आणि सगळ्यांना डोळे मिटून ‘मी यशस्वी आहे, माझ्यावर सगळे प्रेम करतात’ असं मोठ्याने म्हणायला लावलं. अरे दोन आठवडे पुरावा शोधायला शिकवलंत आणि आता पुराव्याशिवाय काहीही म्हणा? कॅनडातल्या संशोधकांचा २००९चा एक अभ्यास आहे, त्यात ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांना अशी वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. वर शेवटी त्यांच्या महागड्या ॲडव्हान्स कोर्सचे फॉर्म वाटले. एक स्टार तिथेच गेला. अर्धा स्टार कागद सगळे इंग्रजीत छापले म्हणून, काकांनी आपला कोकणीतच भरला.

चौथ्या रविवारी गाडी परत रुळावर. विचार बदलेना तर आधी दिवस बदला, म्हणजे आठवड्याचा तक्ता करून त्यात छोटी छोटी कामं टाकायची, करायची, आणि करून कसं वाटलं ते लिहायचं. मूड आला की करू असं नाही, काम आधी. मला वाटलं हे फार बाळबोध आहे, पण याच धर्तीची पद्धत आपल्या गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेलीय, संगाथ संस्थेच्या लोकांनी, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनच्या ४९५ पेशंटवर, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते तर ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी ही पद्धत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. मी तक्त्यात संध्याकाळी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी सोडायला जाणं टाकलं, एरवी ऑफिसातून आल्यावर मोबाईल घेऊन आडवा व्हायचो आणि साहेबांनी मेसेज बघून उत्तर का दिलं नाही याचाच कीस पाडत बसायचो. कीस अजून पाडतो, पण आता पाट वळवता वळवता, आणि तेवढा वेळ टिकत नाही.

झोप उडालीय, जीव नकोसा वाटतोय अशी परिस्थिती असेल तर मात्र असल्या रविवारच्या क्लासवर थांबू नका, बांबोळीचं मनोरुग्णालय आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फोन फुकट लागतो.

बाकी हॉल ठीक, पंखे आवाज करतात, मधल्या सुट्टीत भाजीपाव आणि चहा फीमध्येच. बाजाराकडे पार्किंगचे हाल आहेत, स्कूटर घेऊन जा. पुढची बॅच चतुर्थीनंतर आहे म्हणतात, नाव घालताना पाहुणे ट्रेनर परत येणार का ते विचारून घ्या.