स्नेअर ड्रमचा स्टँड: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

अक्षय्य तृतीयेला घेतलेला, स्नेअर ड्रम (खालच्या पडद्याला तारा लावलेला ड्रम) ठेवण्याचा हा स्टँड मालवणचा अख्खा पावसाळा, गणपतीतले बेंजो पार्टीचे वादन आणि नवरात्रातले कार्यक्रम पार करून आता कार्तिकातल्या जत्रांना लागला आहे. दुकानात सगळेच स्टँड चकचकीत दिसतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या वादकाने मात्र क्रोमच्या चकाकीपेक्षा टिल्टर आणि बास्केट (ड्रम धरणारा तीन हातांचा भाग) या दोन भागांकडे आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ड्रम तिरका करणारा टिल्टर दोन प्रकारचा असतो. एकात दातेरी चकत्या एकमेकींत बसतात, त्यामुळे कोन ठरावीक टप्प्यांनीच बदलतो आणि दाते झिजले की जोरदार रिमशॉटला (कड आणि पडदा यांवर एकदम मारलेल्या ठोक्याला) ड्रम पुढे झुकतो. दुसऱ्यात दाते नसतात. पर्ल कंपनीची युनि-लॉक किंवा टामा कंपनीची ऑम्नी-बॉल ही त्याची प्रसिद्ध रूपे. मी बिनदात्यांचा, गोळ्यावर फिरणारा टिल्टर निवडला, कारण बसायला कधी स्टूल, कधी प्लास्टिकची खुर्ची मिळते आणि प्रत्येक वेळी कोन थोडासाच बदलावा लागतो. माझा ड्रम १४ इंच व्यासाचा, साडेसहा इंच उंचीचा आणि पोलादी असून चांगलाच जड आहे, तरी गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर हादरे खातानाही त्याचा कोन हलला नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. गंजाच्या भीतीने आपण सगळीकडे तेल सोडतो. ते आट्यांना चालते, पण गोळ्याला लागले की त्याची पकड जाते. गोळा कोरडाच ठेवावा.

बास्केटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आवाज बिघडण्याचे मूळ बहुधा तिथेच असते आणि दोष उगाच हेडला (ड्रमच्या पडद्याला) दिला जातो. बास्केटच्या तीन हातांनी ड्रमची खालची रिम (कड) धरली जाते. खालचे हेड साधारण ३ मिल, म्हणजे सुमारे ०.०७६ मिलिमीटर जाडीचे असते. वरचे हेड बहुधा त्याच्या तिपटीहून जाड असते. हात करकचून आवळले की रिमवर तीन ठिकाणी ताण येतो, ड्रमचा नाद आखडतो आणि ठोका बोथट येतो. रबरी टोके रिमला नुसती टेकेपर्यंत चक्र फिरवायचे, मग ड्रम हाताने हलवून पाहायचा. ड्रम उचकटत नसेल तर तेवढे पुरे. तारा जिथून बाहेर येतात त्या दोन जागा आणि तारा ताणण्या-सोडण्याची खटकी यांच्याखाली कोणताही हात येऊ देऊ नये. या स्टँडचे हात लांब असल्यामुळे ही मांडणी सहज जमते. शिवाय बास्केट पुरेशी खाली येते, हे विशेष. उंच ड्रम असणाऱ्यांनी स्टँडची कमाल उंची नव्हे, किमान उंची विचारावी.

आता खाऱ्या हवेविषयी. क्रोमच्या मुलाम्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. त्यांतून क्षार खालच्या पोलादापर्यंत पोहोचतात आणि तपकिरी ठिपके उमटतात. श्रावण संपेपर्यंत पायांच्या पट्ट्यांवरच्या रिव्हेटांभोवती असे ठिपके आलेच. त्याहून वाईट जागा स्टँडच्या पायांच्या रबरी बुटांच्या आत होती: बूट ओढून काढले तेव्हा आतून गढूळ, तांबूस पाणी निघाले आणि पायाच्या नळीची कड खरखरीत झालेली दिसली. पावसाळ्यात कार्यक्रमाहून परतल्यावर बूट काढून नळ्या उलट्या उभ्या करणे, गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे आणि वर मोटारीच्या मेणाचा पातळ हात देणे, एवढ्याने गंज थांबला आहे.

पायांना दुहेरी पट्ट्या आहेत, त्यामुळे वजन वाढते. पण चिऱ्याच्या उंचसखल अंगणात किंवा सारवलेल्या खळ्यात हेच वजन उपयोगी पडते. पाय पुरेसे फाकवले तर स्टँड डगमगत नाही. वाळूवर मात्र खाली फळी हवीच. बास्केटची रबरी टोके उन्हाने कडक होऊन चिरू लागली आहेत, ही माझी एकमेव खरी तक्रार आहे. सुटी टोके आमच्या भागात मिळत नाहीत, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले आहेत आणि त्यांची पकड चांगली आहे.

उभे राहून वाजवणाऱ्यांनी हा स्टँड घेऊ नये. पूर्ण वर केला तरी ड्रम कमरेच्या खालीच राहतो आणि पाठ वाकते. त्यांच्यासाठी उंच नळीचे कॉन्सर्ट स्टँड वेगळे मिळतात.