लॉस एंजेलिस की डेन्व्हर: क्वार्टरबॅकने कोणत्या ट्रेडला होकार द्यावा?

आयपीएलमध्ये एका संघातून दुसऱ्या संघात पाठवायचे तर खेळाडूची संमती लागते. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परतला तो स्वतःच्या होकारानेच. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये मात्र बहुतेक खेळाडूंना त्यांचा संघ न विचारता परस्पर दुसरीकडे धाडू शकतो; यालाच ट्रेड म्हणतात. करारात 'नो-ट्रेड' कलम घालून घेण्याइतके वजन असलेल्या मोजक्यांनाच नकार देता येतो, आणि त्यांत आक्रमणाची सूत्रे हाती असलेला क्वार्टरबॅक बहुधा असतोच. ज्याचा शब्द चालतो अशा क्वार्टरबॅकने नव्या संघात नेमके काय पाहावे, हे तपासण्यासाठी एका वर्षाच्या अंतराने झालेल्या दोन ट्रेडची जोडी फार उपयोगी आहे. 2021 साली मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉइट लायन्समधून लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि 2022 साली रसेल विल्सन सिअ‍ॅटल सीहॉक्समधून डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे.

स्टॅफर्डने डेट्रॉइटमध्ये 12 हंगाम काढले होते आणि बाद फेरीचा एकही सामना जिंकला नव्हता. त्याच्याकडे नो-ट्रेड कलम नव्हते, तरी इतक्या वर्षांच्या सेवेमुळे लायन्सने त्याचे मत विचारात घेतले. विल्सनकडे कलमही होते आणि सुपर बोलचे, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचे, विजेतेपदही. आदल्या वर्षी त्याच्या एजंटने मान्य असलेल्या चार संघांची नावे जाहीर केली होती. त्यांत डेन्व्हर नव्हते.

तरीही मार्च 2022 मध्ये कागदावर पाहिले तर डेन्व्हर मोहात पाडणारे होते, हे मान्य करायला हवे. कोर्टलँड सटन आणि जेरी ज्यूडी यांच्यासारखे रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकचा पास झेलणारे खेळाडू, होते, 2021 च्या हंगामात त्यांच्या बचावाने सर्वांत कमी गुण देणाऱ्या संघांत तिसरा क्रमांक मिळवला होता, आणि क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने उतारवयात याच शहरात येऊन सुपर बोल जिंकल्याची आठवण ताजी होती. क्वार्टरबॅक सोडून सर्व काही आहे, असे ब्रॉन्कोजविषयी बोलले जाई. रॅम्सविषयीही 2021 मध्ये जवळपास हेच बोलले जात होते. मग फरक कुठे पडला?

माझ्या मते तो प्रशिक्षकाच्या खुर्चीत पडला. शॉन मॅकव्हे 2017 पासून रॅम्सचा मुख्य प्रशिक्षक होता. दोन वर्षांतच त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले होते. त्याचे आक्रमण कसे चालते, तो दडपणाखाली काय करतो, आधीचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ याच्यावर त्याने कोणत्या मर्यादा घातल्या, हे सारे चार हंगामांच्या चित्रफितींत पाहायला मिळत होते. डेन्व्हरमध्ये नॅथनियल हॅकेटची नेमणूक जानेवारी 2022 मध्ये झाली होती आणि याआधी तो कुठेच मुख्य प्रशिक्षक नव्हता. ज्या बचावाचे कौतुक होत होते तो विक फँजिओने घडवला होता, आणि त्याला हटवूनच हॅकेट आला होता. रॅम्सचाही बचाव-प्रशिक्षक 2021 मध्ये बदलला होता, पण मुख्य प्रशिक्षक तोच होता आणि अ‍ॅरन डोनाल्ड व जेलन रॅमसी हे बचावाचे खांब जागेवर होते.

विल्सनचा डेन्व्हरकडून पहिला सामना 12 सप्टेंबर 2022 रोजी त्याच्याच जुन्या मैदानावर, सिअ‍ॅटलमध्ये झाला. एका गुणाची पिछाडी, शेवटचे मिनिट, चौथा डाऊन (दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चार संधींपैकी शेवटची), अजून पाच यार्डांची गरज आणि घड्याळ थांबवण्याचे तिन्ही टाइमआउट शिल्लक. पंधरवड्यापूर्वीच संघाने विल्सनला पाच वर्षांसाठी सुमारे 24.5 कोटी डॉलर्स देऊ केले होते. हॅकेटने घड्याळ चालू दिले आणि 20 सेकंद उरल्यावर 64 यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पार करण्यासाठी किकरला बोलावले. किक हुकली, सामना 17-16 असा गेला. एवढे पैसे ज्याच्या हातासाठी मोजले, त्याच्या हातात चेंडू द्यायची वेळ आली तेव्हा प्रशिक्षकाने पायावर भिस्त ठेवली.

याच्या शेजारी 13 फेब्रुवारी 2022 चा सुपर बोल ठेवून पाहावा. रॅम्स 16-20 असे मागे, सुमारे पाच मिनिटे शिल्लक, स्वतःच्याच 30 यार्ड रेषेवर चौथा डाऊन, एक यार्ड हवा. चुकले असते तर सामना तिथेच संपला असता. मॅकव्हेने पंट केला नाही, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला दिला नाही. रिसीव्हर कूपर कपला चेंडू देऊन सात यार्ड काढले, आणि पुढे स्टॅफर्डने त्याच कपला टचडाउनचा पास देऊन 23-20 असा विजय मिळवला.

दुसरी गोष्ट किमतीची. चाहते ती संघाच्या हिशेबाने मोजतात. क्वार्टरबॅकने ती आपल्यासोबत कोण उरणार या हिशेबाने मोजावी. रॅम्सनी गॉफ, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक, म्हणजे वार्षिक ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, दिले. गॉफ तर बदलला जाणारच होता, म्हणजे आजच्या संघातून कोणी कमी झाले नाही. डेन्व्हरने तीन खेळाडू आणि पाच पिक दिले, आणि त्या तिघांत नोआ फँट होता, म्हणजे विल्सनने ज्याच्याकडे चेंडू फेकायचा त्यांपैकीच एक. पहिल्याच हंगामात विल्सनला 55 वेळा पाडण्यात आले, तेव्हा त्याचे रक्षण करणारी पुढची फळी दुरुस्त करायला पुढच्या वर्षीच्या पहिल्या दोन फेऱ्यांतले स्वतःचे पिक संघाकडे नव्हते.

गटाचा विचार थोडक्यात आटपता येतो. गटातल्या इतर तीन संघांशी दरवर्षी सहा सामने होतात. विल्सन गेला तो कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याच्या गटात, आणि त्या कॅन्सस सिटीला डेन्व्हरने 2015 नंतर हरवले नव्हते.

राज्याच्या आयकराची चर्चा उगाच फार होते. स्टॅफर्ड मिशिगनचा 4.25 टक्के दर सोडून कॅलिफोर्नियाच्या 13.3 टक्क्यांच्या कमाल दराकडे गेला. विल्सनने तर वेतनावर राज्याचा आयकर नसलेले वॉशिंग्टन राज्य सोडले. दोघेही जास्त कराकडे गेले, म्हणजे फरक करामुळे पडला नाही.

पैशाच्या बाबतीत विल्सन फसला, असे मात्र म्हणता येणार नाही. हॅकेटला हंगाम संपण्याआधीच काढले, मार्च 2024 मध्ये विल्सनलाही मोकळे केले, पण हमी दिलेली रक्कम त्याला मिळाली आणि साडेआठ कोटी डॉलर्सचा भार ब्रॉन्कोजच्या सॅलरी कॅपवर, म्हणजे संघाच्या वेतनखर्चाच्या मर्यादेवर, पडला. स्टॅफर्डने नवा करार विजेतेपदानंतर केला, चार वर्षांसाठी 16 कोटी डॉलर्सचा. म्हणून ज्याला आधी रकमेची हमी हवी त्याला डेन्व्हरचा मार्ग चुकीचा वाटणार नाही. ज्याला जिंकण्यासाठी संघ बदलायचा आहे त्याने मात्र चौथ्या डाऊनला हा प्रशिक्षक काय करतो, हे आधी पाहून घ्यावे; आणि हॅकेटच्या बाबतीत मार्च 2022 मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून पाहण्यासारखा एकही सामना नव्हता.