बडोद्यातली रविवारची बुद्धिबळाची रॅपिड टुर्नामेंट: जा, पण घड्याळ आधी तपासा

दांडिया बाजारजवळच्या एका हॉलमध्ये परवा ओपन रॅपिड (कमी वेळाचे डाव, सगळ्यांना खुली) खेळून आलो, आयोजकांचं नाव घालत नाही कारण थोडी तक्रारही आहे. फी ४०० रुपये, स्विस पद्धतीने (कुणी बाद होत नाही, साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर) ७ राउंड, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा. पहिली पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी, लागायलाच पाऊण तास उशीर, लहान पोरं आईबाबांबरोबर जिन्यात ताटकळत उभी आणि पाणी संपलेलं, हे अजिबात बरोबर नाही.

पण दुसऱ्या राउंडचं सांगतोच. समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा, पांढरी मोहरी त्याची, मी काळ्याकडून माझी नेहमीची सुरुवात, कारो-कान, लावली (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर), त्याच्या ई४ ला माझं सी६, डी४ ला डी५, त्याने प्यादं ई५ ला ढकललं, मी उंट एफ५ ला काढला आणि त्याने लगेच एच४. दिसायला साधी चाल, पण इथे सवयीने ई६ केलंत की संपलं, जी४ येतं, उंट ई४ ला पळतो, एफ३ त्याला हुसकावतं, तो जी६ ला आला की एच५, आणि मग उंटाला जायला घरच उरत नाही, एका प्याद्यावर द्यावा लागतो. मी ई६ च केलं. डाव गेला.

आता आयोजकांचं खरं कौतुक. बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी दोन टेबलं फक्त डाव परत मांडून बघायला ठेवलीत, तिथे एक कोच दिवसभर बसून होते. "अहो, इथे तुम्हीच एच५ करून टाका, मग जी४ आलं तरी प्यादं मारायला मिळतं," असं म्हणत त्यांनी पटावर तीन-चारदा करून दाखवलं, तो मुलगाही थांबला आणि हौसेने पुढच्या चाली सांगत बसला. इतकी वर्षं खेळतोय, हरल्यावर असं कुणी बसवून शिकवलं नव्हतं.

चौथ्या राउंडला घड्याळात १० सेकंद सेटच नव्हते, माझी तीन मिनिटं उरली तेव्हा लक्षात आलं, आर्बिटरने (पंचाने) घड्याळ थांबवून दोघांचा वेळ नीट करून दिला. तुम्ही पहिल्या चालीलाच बटण दाबून बघा वेळ वाढतोय का.

मला साडेतीन गुण मिळाले. पुढच्या वेळी मुलीचंही नाव घालणार आहे, पाण्याच्या बाटल्या घरून नेऊ.