स्टँडजवळचा तो दवाखाना - पेशंट तिथे नेऊ नका

एक तरी स्टार द्यावाच लागतो म्हणून दिलाय. गेल्या भातलावणीत आईला ताप भरला, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की मोरीपर्यंत जाता येईना, डोळे लालबुंद. वर पाऊस धो धो, सरकारी दवाखाना लांब, आणि शेजारची काकी म्हणाली, "त्येच्या हाताक गुण आसा, थंय ने तिका." नेलं.

एक इंजेक्शन, एक सलाईन आणि कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या, पाकीट नाही, नाव नाही. पावती मागितली तर "गावात कोण पावती मागतं" म्हणाला. साडेतीनशे घेतले. संध्याकाळी आई पेज जेवली म्हणून आम्ही पण निर्धास्त झालो, दुसऱ्या दिवशी परत तेच. रक्त तपासा म्हणाला नाही, चिखलात अनवाणी उतरली होती का तेही विचारलं नाही, टाचांच्या भेगा समोर दिसत होत्या हो! तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तशी ग्रामीण रुग्णालयात पळवली. तिथल्या मॅडमनी पोटऱ्या दाबून बघितल्या आणि लगेच लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप) रक्त घ्यायला सांगितलं. पॉझिटिव्ह. किडनीला सूज, नऊ दिवस ॲडमिट. सिंधुदुर्गात लावणीच्या तापाला लेप्टोची शंका यायलाच पाहिजे, शिकलेल्या माणसाला येतेच.

नंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर त्याचं नाव शोधलं, नाही. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या कौन्सिल वेगळ्या असतात, तिथे चौकशी केली, तिथेही नाही. भिंतीवर फ्रेम होती ती कसल्याशा कोर्सची. डॉक्टरला आपला रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावावा लागतो, चिठ्ठीवर आणि पावतीवर पण टाकावा लागतो, हे आम्हाला आधी माहीत असतं तर दारातूनच परत फिरलो असतो.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. बोगस डॉक्टर शोधायला तालुक्याची समिती असते, ती पोलिसांना घेऊन आली, १९६१ च्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हा नोंदवला. पण दीड महिन्यात शटर परत वर, आणि बाहेर चपलांची रांग तशीच, याचा मला जास्त त्रास होतो. ग्रामसभेत तालुक्यातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची यादी वाचा, पंचायतीच्या बोर्डावर लावा, असा अर्ज दिलाय, सह्या पाहिजेत.

आणि तिथून औषध घेतलं असेल त्यांनी त्या पुड्या, राहिलेल्या गोळ्या टाकू नका. केसमध्ये पुरावा म्हणून लागतील.