पोनीला मुसकं बांधून आठ महिने झाले, खरा अनुभव

ग्रेझिंग मझल म्हणजे साध्या भाषेत मुसकं, फक्त तळाला एक छोटं भोक असतं. त्यातून गवताची दोन-चार पाती ओढता येतात, पाणीही पिता येतं, पण भसाभस चरता येत नाही.

आमचा पोनी चौदा वर्षांचा, नुसतं गवत हुंगलं तरी अंगाला लागतं अशातला. आयाळीखाली चरबीचा घट्ट वळ आलेला आणि आम्ही सगळे म्हणायचो काय छान भरलाय. मग एक दिवस बघते तर पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा, वळायला तयार नाही, खूर हाताला गरम. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज. रक्त तपासलं तर इन्सुलिन खूप वाढलेलं, गवतातल्या साखरेने ते वाढतं आणि खुरांवर येतं. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो.

आधी चरणं पूर्ण बंद, नुसतं भिजवलेलं वाळलं गवत (भिजवल्याने त्यातली साखर बरीच निघून जाते, ते पाणी मात्र फेकून द्यायचं). खूर बरे झाल्यावर डॉक्टरांनी मुसकं बांधून चरायला परवानगी दिली.

पहिले तीन दिवस फाटकापाशी रुसून उभा, मान खाली घालेना. मग मी भोकातून हाताने पाती आत सरकवून दिली, तेव्हा कुठे त्याला गंमत कळली. दुसऱ्या आठवड्यात गालाच्या हाडावर केस गेले, तिथे पट्ट्याला लोकर गुंडाळली आणि प्रश्न सुटला. ओठ आणि तळ यात बोटभर जागा हवीच, नाहीतर दात घासतात. पट्टा अडकला तर तुटणाराच घ्या, यात तडजोड नको. आणि दिवसभर बांधून ठेवायचं नाही, आम्ही सकाळी लवकर चार तास बांधतो कारण ऊन चढेल तशी गवतात साखर वाढते. कडक थंडी पडून गवतावर हिम गोठलं असेल तर सकाळीसुद्धा साखर जास्त असते, त्या दिवशी सोडतच नाही.

पण फक्त मुसक्याने काम होतं असं समजू नका. माझ्या ओळखीच्या एकांनी मुसकं काढल्यावर मोकळं सोडलं, त्या दोन तासांत घोड्याने सगळं भरून काढलं. आम्ही बाकीचं गवत ताणकाट्यावर मोजूनच घालतो, चरणं धरून सगळा चारा, त्यातलं पाणी वगळून, रोज वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. त्याहून कमी करायचं तर डॉक्टरांना विचारूनच, कारण पोनीला एकदम उपाशी ठेवलं की चरबी रक्तात उतरते आणि ते जिवावर बेततं.

वजन असं काढते: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी (खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत), भागिले ११,८८०, सगळं सेंटीमीटरमध्ये. घेर १६२ होता, आता १५३, लांबी १४७. म्हणजे ३२५ किलोवरून २९०. मानेवरचा वळ आता दाबला की हलतो.

तक्रार एकच, तळाचं रबर झिजून भोक मोठं होतं. परवा बघितलं तर अंगठा आरामात जात होता, आणि गेले तीन आठवडे वजन का अडकलंय ते तेव्हा कळलं. दुसरं मागवलंय.