नागपूरच्या एका पोटविकार दवाखान्याचा दीड वर्षाचा अनुभव

धाकट्या भावाला शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी 8 महिने अमिबाच्या गोळ्या चालल्या आणि मधे मूळव्याधीचेही औषध देऊन झाले. वजन 11 किलोने उतरल्यावर मात्र आम्ही पांढरकवड्याहून पहाटेच्या एसटीने नागपूरच्या एका खासगी पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो.

येथे निदानाची घाई केली जात नाही, ही माझ्या मते या दवाखान्याची खरी किंमत आहे. दुर्बिणीने आतडे पाहून तुकडा तपासणीला पाठवलाच, शिवाय क्षयाचीही शहानिशा केली. कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) हे विकार पुष्कळदा सारखेच दिसतात आणि क्षय असताना स्टेरॉइड, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारे औषध, दिले गेले तर तो बळावतो. भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा दीर्घकाळचा आजार, निघाला. हे सावजीच्या तर्रीने झाले का, असे आईने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी न हसता समजावले की शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते. आनुवंशिक कल, आतड्यातील जिवाणूंचा बिघडलेला समतोल आणि भोवतालची परिस्थिती यांचा त्यात वाटा असतो, आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरात भावाचे ताट वेगळे झाले होते, ते त्याच रात्री पंगतीत आले.

उपचारात आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या, रात्री डाव्या कुशीवर निजून गुदद्वारावाटे घ्यायचा त्याच औषधाचा एनिमा आणि सुरुवातीला स्टेरॉइड होते. स्टेरॉइड 40 मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने उतरवत बंद केले. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही आजार उसळू शकतो, हे आम्हाला येथेच कळले. कापूस वेचणीच्या धांदलीत भावाने बरे वाटते म्हणून मेसालामाइन सोडले आणि महिन्याभरात रक्त परत आले. तेव्हा रागावण्याऐवजी डॉक्टरांनी मात्रा नव्याने बसवून दिली.

उणिवाही आहेत. सकाळी 11 ची वेळ मिळाली तरी प्रत्यक्ष नंबर 2 वाजता लागतो, फोन क्वचितच उचलला जातो, आणि तो एनिमा आमच्या तालुक्यात मिळत नसल्याने दोन महिन्यांचा साठा नागपूरहूनच आणावा लागतो. बाहेरगावच्यांनी जुने सर्व अहवाल आणि दुपारची शिदोरी सोबत ठेवावी. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे चिठ्ठी काढतानाच खिडकीवर सांगितले, तर ते नंबर थोडा पुढे घेतात.