मोजमाप चालू आहे म्हणून फोन उपडा ठेवायला लावला आणि 49,508 रुपये नेले

ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण बँक, पोलीस, शेजारी, मेहुणा, प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: "ओटीपी दिलात ना?" नाही दिला. कुणी मागितलासुद्धा नाही. तरी 10 रुपये, मग 24,999, मग 19,999 आणि शेवटी 4,500 असे चार फटके बसले. "मी ओटीपी देत नाही, मला कोण फसवणार" अशा भ्रमात जे कोणी असतील त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

साउंडबार, सबवूफर आणि मागे ठेवायचे दोन वायरलेस स्पीकर असा सेट घेतला होता. (वायरलेस म्हणजे सिग्नलची वायर नाही एवढंच. विजेची वायर अशा बहुतेक स्पीकरना लागतेच, आणि सोफ्यामागे प्लग नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड लोळवावा लागतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.) जोडणी झाली, दिवे स्थिर झाले, सिनेमा लावला. समोरून आवाज दणदणीत, मागचे दोघे मुके. माहितीपुस्तिकेत मराठी नाही, अक्षरं मुंगीएवढी. खरा हेल्पलाइन नंबर खोक्यावर छापलेला आणि खोकं माळ्यावर. म्हणून कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं सर्च केलं. सगळ्यात वर आलेल्या नंबरावर लोगोसुद्धा होता. तुम्हीही हेच करता, खोटं बोलू नका.

एका रिंगमध्ये कट, आणि लगेच मोबाइल नंबरवरून उलट फोन. "सर, मराठी का? मग मराठीतच बोलू." मॉडेल नंबर विचारला. साउंडबार उचलून खाली चिकटवलेला सीरियल नंबर वाचायला लावला. मागच्या स्पीकरचा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, हे विचारलं. वायफायचा राउटर साउंडबारला खेटून आहे का, हेही विचारलं. सांगा, चोर असं विचारतो का? विकणाऱ्या दुकानदाराला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

मग म्हणाला, मेनूत जाऊन टेस्ट टोन लावा. लावला. डावीकडून खरखर, मधून, उजवीकडून, आणि मग मागच्या दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज एकेक करून स्वच्छ आला. मी खूश. तो म्हणाला, "बघा सर, हार्डवेअर ओके आहे. तुमचं सराउंड लायसन्स ॲक्टिव्हेट झालेलं नाही. वॉरंटी रजिस्टर केली की चालू होईल. फक्त 10 रुपये."

इथे पहिली घंटा वाजायला हवी होती. टेस्ट टोन साउंडबार स्वतःच तयार करतो, त्याचा टीव्हीशी संबंध नसतो. तो मागून ऐकू आला म्हणजे स्पीकर जोडलेले आहेत आणि चालू आहेत. घोळ आहे तो टीव्हीकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये. लायसन्स-बियसन्स काही नसतं. डॉल्बी किंवा डीटीएस या चहूबाजूंनी येणाऱ्या (सराउंड) आवाजाच्या तंत्रांचा परवाना कंपनी घेते, तो सेटच्या किमतीत आलेला असतो. पण हे मला आज माहीत आहे. दर महिन्याला कशाचं तरी सबस्क्रिप्शन संपलं म्हणून टीव्ही बोंबलत असतो, त्यात आणखी एक लायसन्स ऐकून कोण दचकणार?

त्याने 'सर्व्हिस फॉर्म' म्हणून चॅटवर एक फाइल पाठवली. ती फॉर्म नव्हती, ॲप होतं, एपीके. फोनने अनोळखी स्रोताचा इशारा दिला, हा पठ्ठ्या आधीच म्हणाला, "आता एक वॉर्निंग येईल सर, कंपनीचं इंटर्नल ॲप आहे म्हणून येते, अलाउ करा." येणारी अडचण आधीच सांगणारा माणूस खरा वाटतो हो. एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दिली. डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आपोआप भरला गेला. बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्येही तो आपोआपच भरला जातो, त्यात नवल ते काय! 10 रुपये गेले, हिरवी टिकमार्क आली.

आणि मग त्याने जे केलं ते आठवलं की अजून झोप उडते.

"आता रूम कॅलिब्रेशन करू सर. फोन सोफ्यावर जिथे डोकं येतं तिथे उपडा ठेवा. माइक खोलीचं मोजमाप घेईल. फोन सायलेंट करा, नोटिफिकेशनचा आवाज मध्ये आला तर माप चुकतं. पंखा बंद. कुणी बोलू नका. दहा मिनिटं हात लावू नका, मी नंतर फोन करतो."

हे खोटं वाटत नाही, कारण यातलं बरंचसं खरंच आहे. चांगल्या सिस्टीममध्ये असं मोजमाप असतं. माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवतात, शांतता पाळतात, आणि प्रत्येक स्पीकर किती लांब, किती मोठ्याने वाजतो हे यंत्र ठरवतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. जवळचा स्पीकर तेवढा उशिरा वाजवायचा, की सगळे आवाज एकदम कानावर येतात. सगळं बरोबर.

फक्त खऱ्या मोजमापात स्पीकर वाजतात! धप्प, सुंईऽऽ, खरखर, एकेक करून सगळे. ऐकायला काही असेल तरच माइक ऐकणार ना? आमच्या खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. एकाही स्पीकरमधून हूं की चूं नाही. बायको खुणेने विचारतेय, "काय चाललंय?" आणि मी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प करतोय. पंखा बंद, घामाच्या धारा, मी मांडी घालून माझीच लूट शांतपणे होऊ देतोय. फोन उपडा आणि सायलेंट, म्हणून 24,999 गेल्याचा मेसेज दिसला नाही. मग त्याचा फोन: "नव्वद टक्के झालंय सर, मध्ये आवाज आला का काही? परत घेऊ." मी पंखा नीट बंद होता म्हणून वर त्यालाच खुलासा दिला! त्या दुसऱ्या फेरीत 19,999.

फोन उलटा केला तेव्हा सगळं कळलं. बँक म्हणते नोंदणीकृत नंबरवरूनच फोन करा, म्हणून त्याच फोनवरून केला. एक दाबा, चार दाबा, सोळा आकडी कार्ड नंबर दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी कार्ड ब्लॉक करण्याची विनंती नोंदवल्याचा मेसेज आला 9 वाजून 52 मिनिटांनी. 9 वाजून 58 मिनिटांनी 4,500 गेले. ब्लॉक करायला सांगितल्यावर! ते ॲप माझ्या फोनमध्ये जिवंत होतं, नेट चालू होतं, ओटीपी तिकडे जातच होता. तेव्हा असं काही झालं तर आधी फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा, आणि सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, दुसऱ्याच्या फोनवरून लावा. नेट बंद केल्याशिवाय त्या फोनला दुसऱ्या कशासाठी हात लावू नका.

आता बँक. होम ब्रँचला जा. होम ब्रँच म्हणते, कार्ड विभागाला ईमेल करा. कार्ड विभाग म्हणतो, डिस्प्यूट फॉर्मवर शाखेचा शिक्का आणा. शाखेत शिक्का असलेली बाई जेवायला गेलेली. अखेर उत्तर आलं, दोन ओळींचं: व्यवहार ओटीपीने प्रमाणित झाला आहे, सबब ग्राहकाची जबाबदारी, तक्रार बंद. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक छापून नेलं होतं. त्यात स्पष्ट आहे: ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर, आणि चूक असली तरी कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. व्यवस्थापकाने कागद असा धरला जणू मी लग्नपत्रिका दिली आहे. "बघतो." 4,500 परत मिळाले ते फक्त 9:52 चा मेसेज मी जपून ठेवला म्हणून. तुम्हीही ठेवा, आणि भीतीपोटी फोन फॉरमॅट करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. माझा भाचा पहिल्यांदा तेच करायला निघाला होता.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच होईल. 49,508 लहान! ठाण्यात परत गेलो तर, "काका, शिकलेले दिसता, असं कसं केलंत?" अर्ज घेतला, एफआयआर नाही. कारण काय, तर आरोपी आमच्या हद्दीतला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवायची. मी हे म्हटलं तर हवालदार साहेबांनी शेजारच्याकडे बघून हसून घेतलं. स्पीकर कितीचे घेतले, हे मात्र तिघांनी विचारलं. कुठल्याशा खात्यात 11,300 गोठवलेले आहेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश हवा, आणि कोर्टात जायला गुन्ह्याची नोंद हवी, असं मला सांगितलं. म्हणजे पैसे सापडलेत, चोराला वापरता येत नाहीत आणि मलाही मिळत नाहीत.

बरं, मागचे स्पीकर का वाजत नव्हते? टीव्हीच्या साउंड मेनूत 'डिजिटल आउटपुट' पीसीएमवर होतं. आमच्या टीव्हीत पीसीएम म्हटलं की आवाजाचे दोनच चॅनेल, डावा आणि उजवा, बाहेर पडतात, बऱ्याच टीव्हींचं असंच आहे. ते 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करायचं, आणि एचडीएमआय केबल टीव्हीच्या ज्या सॉकेटवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्यातच घालायची. भाच्याने चहा निवायच्या आत केलं. स्पीकर ठेवायचे ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या किंचित मागे. समोरच्या सरळ रेषेपासून 110 अंशांच्या आसपास. भिंतीत पार मागे टाकले की मजा जाते. आणि जुनी मालिका किंवा बातम्या लावल्यात तर मागून बहुधा काही येणार नाही, मूळ आवाजच बहुतेक वेळा दोन चॅनेलचा असतो. तेव्हा लगेच कुणाला फोन करायला जाऊ नका. सिनेमाच्या माहितीत 5.1 किंवा ॲटमॉस, म्हणजे सराउंड आवाज, लिहिलंय का ते बघा. या सगळ्याला एक पैसा लागत नाही. सेटिंगसाठी कार्ड नंबर मागणारा माणूस सेटिंग करणारा नव्हे.

डेबिट कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये आजच कमी करा. माझी होती पन्नास हजार, कधीतरी विमानाच्या तिकिटासाठी वाढवलेली, तशीच राहिली. पावसाळ्यात छत्री विसरावी तसा तो विसर, आणि त्यानेही बरोबर पन्नासच्या आत सगळं बसवलं.

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. मी गेलोय. कागद जोडताना व्यवहारांच्या वेळा आणि तक्रारीच्या वेळा एकाखाली एक लिहा, बाकी गोष्ट लिहीत बसू नका. पोच आली आहे, पुढचं काही नाही.

तो नंबर बंद करा म्हणून ठाण्यात लेखी दिलं होतं. काल भाच्याच्या फोनवरून लावून पाहिला. तोच आवाज, तीच "मराठी का सर?" आता गीझर आणि वॉशिंग मशीनची सर्व्हिस करतात म्हणे.